आमच्यात विद्या विकत नाहीत

भिंगाच्या कडेला बुरशीचा एक धागा होता, केसाहून बारीक. तिने तो कापसाच्या टोकाने उचलला आणि भिंग दिव्यासमोर तिरकं धरलं. धागा गेला, पण त्याखाली काचेवर पुसट चरा उरला होता. वेळेवर पुसली नाही तर बुरशी काच खाते.

बाहेरच्या खोलीत वडिलांचा आवाज चढला होता. पाहुण्यांसमोर तो चढायचाच.

"अरे, पैशाचं काय काढलंस! घरचंच काम आहे."

ती हात पुसत दारात आली. वडिलांचा जुना विद्यार्थी, आता एका मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख, खोक्यांमागून खोकी आत ओढत होता. सगळ्यांत सूक्ष्मदर्शक.

"ताई, आमच्या दुरुस्तीवाल्याला रामराम ठोकला," तो हसला. "सर म्हणाले, तायडी असताना तो कशाला?"

तिच्या मुठीतलं फडकं चुरगळलं.

"बाबा, मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तुझ्या हाताला गुण आहे." ते पाहुण्याकडे वळले. "आमच्यात विद्या विकत नाहीत."

"मग चाळीस वर्षं पगार कशाचा घेतलात?"

पाहुणा खोक्याची दोरी उगाचच घट्ट करू लागला. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"पगार वेगळा, दुकान मांडणं वेगळं. मास्तरांची मुलगी गल्ल्यावर बसली म्हणून लोक तोंडात शेण घालतील."

"दादा बसला तेव्हा फीत तुम्हीच कापलीत. दोन्ही वेळा."

"तो पुरुषमाणूस. बुडाला तरी लोक म्हणतात, हिंमत केली."

"आणि मी केलं तर हाव."

या घरात पहिला कप पाहुण्याचा. आईने तो उचलला आणि मुलीच्या हातात दिला.

तिने उभ्यानेच एक घोट घेतला. कप खाली ठेवला. मग सर्वांत वरचं खोकं उचलून पाहुण्याच्या पायाशी ठेवलं.

"ही आज परत न्या. पुढच्या महिन्यात आणा, दर ठरवून. बाजारामागे निळ्या शटरचा गाळा आहे, तिथे."

"तो तर कधीचा बंद आहे," वडील म्हणाले. "कुणी घेतला?"

तीन वर्षं ती त्या शटरसमोरून येता-जाता पावलं हळू करत होती, आणि घरी येऊन गप्प बसत होती.

"मी घेतेय. उद्या किल्ली आणणार आहे."