तीतस कॉलेजातलं शेवटचं कीर्तन

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की टाळ ऐकू येतो आणि शब्द निसटतात. एका कॉलेजचं आख्यान सांगतो. गोड नाही, तरी शेवटपर्यंत बसा. आख्यान अर्ध्यावर टाकून उठू नये.

फ्रँकफर्टच्या वरच्या डोंगरात तीतस कॉलेज होतं. युद्धानंतर इंग्लंडातल्या काही कळकळीच्या अँग्लिकन पाळकांनी ते उभारलं. हातात बायबल, ओठांवर उपदेश, बाकी सगळं वर्ज्य, असा त्यांचा बाणा. चॅपलमध्ये मेणबत्तीसुद्धा नाही. युरोपभरच्या चर्चमध्ये तिथून पाळक गेले, कितीकांना प्रभूची वाट दिसली; ते श्रेय कुणी नाकारू नये. पुढे विद्यार्थी आटले, इमारत विकली गेली, तिथे आता हॉटेल होणार होतं. निरोपाच्या उपासनेत कॉलेजचा इतिहास कीर्तनातून सांगावा, म्हणून प्रिन्सिपलबाईंनी स्वरूपाला बोलावलं. स्वरूपा बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते, आणि रविवारी ख्रिस्ती कीर्तन. ते ती वडिलांकडून शिकली.

ते वडील म्हणजे संगमनेरकडचे नामदेव साळवे, याच कॉलेजचे विद्यार्थी. शेवटच्या वर्षी चॅपलमध्ये परीक्षेच्या उपदेशाला उभे राहिले आणि उधळ्या पुत्राची गोष्ट त्यांनी चिपळ्या वाजवत गाऊन सांगितली. गावाकडे पाळक असाच उपदेश करतो. इथे देव काय वेगळा आहे, असं त्यांना वाटलं. तेव्हाचे प्रिन्सिपल विटलॉक यांनी त्यांना तिथून उठवलं आणि म्हटलं, पुलपिटावर, उपदेशाच्या जागेवर, नाटक चालणार नाही, माफी मागा.

"सर, गळा देवानं दिलाय," नामदेव म्हणाले. "त्याची माफी कुणाकडे मागू?"

पाळकाची दीक्षा मिळाली नाही. रिकाम्या हातांनी गावी जायची लाज वाटली. बायको-मुलीला इथेच बोलावून घेतलं, विमानतळावर माल चढवत राहिले, आणि एका हिवाळ्यात तिथेच छातीत कळ येऊन गेले. जर्मनीत कबरही कायमची नसते. जागेच्या भाड्याची मुदत संपली, वाढवायची राहून गेली, दगड उचलला गेला. त्या जागेवर आता दुसऱ्याचं नाव आहे.

म्हणून त्यांच्या बायकोची, मीराबाईंची, एकच इच्छा उरली होती. ज्या चॅपलमधून नवऱ्याला उठवलं, त्याचं दार बंद होण्याआधी तिथे त्याचं नाव एकदा घेतलं जावं.

"आणि त्या विटलॉकचंही घे," निरोपाच्या दिवशी सकाळी त्या लेकीला म्हणाल्या. "कुणी उठवलं तेही कळू दे."

"आई, तो स्वतः येणार आहे. नव्वदी ओलांडलीय त्यानं."

"बरं झालं. बहिरा नाही ना?"

पेटीची साथ करणारा जावई समर्थ म्हणाला, "आई, तुम्ही कीर्तनाला निघालाय की कोर्टात?"

"गेनाऊ, अगदी तेच," मीराबाई म्हणाल्या. जर्मन त्यांनी वादात उपयोगी पडेल एवढंच घेतलं होतं.

चॅपल भरलं. पूर्वरंग झाला. आता आख्यानाआधी कीर्तनकाराला हार घालायचा, आणि तो मान सभेतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा. मीराबाईंनी स्वतः हार ओवला होता, तो आपणच घालणार या हिशेबानं. समर्थनं ही रीत प्रिन्सिपलबाईंना समजावली होती; त्यांनी आपल्या प्रामाणिकपणे सर्वांत वयस्कर माणसाला हाक मारली. विटलॉक काठी टेकत आले. हार दोनदा निसटला.

स्वरूपानं मान वाकवली. ज्याच्या हातचा हार गळ्यात, त्याची निंदा त्या जागेवरून करायची नाही, हे तिला नामदेवांनीच शिकवलं होतं. तिनं आईकडे पाहिलं. मीराबाईंनी नजर खाली घातली.

मग तिनं आख्यान लावलं. पदं मराठीत, निरूपण इंग्रजीत. चिपळ्या, परीक्षा, विमानतळ, कबर, काही वगळलं नाही. नामदेव साळवे हे नाव तिनं पदात घेतलं आणि समर्थनं ते मागून उचललं. फक्त ज्यानं उठवलं त्याला ती 'कॉलेज' म्हणत राहिली. कॉलेजनं ऐकलं नाही, कॉलेजनं दार लावलं. प्रिन्सिपलबाई आपल्या बुटांकडे पाहत होत्या. विटलॉक मात्र काठीनं ताल धरून बसले होते.

नंतर कॉफी घेत असताना ते तिच्यापाशी आले. डोळे भरले होते.

"फार सुंदर," ते म्हणाले. "आमच्या वेळी असा गाणारा एक जरी विद्यार्थी आला असता, तर मी त्याला जाऊ दिलं नसतं. त्या बिचाऱ्याचं नाव काय म्हणालात?"

तिनं सांगितलं. परक्या गावाचं नाव म्हणून पाहावं तसं त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं, आणि ते केक घ्यायला गेले.

"काय म्हणाला तो?" मीराबाईंनी विचारलं.

माफी मागितली, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. समर्थनं डोळ्यांनी तसं सुचवलंही. पण आत्ताच जिथे उभी राहून आली, तिथून उतरून लगेच खोटं बोलणं तिला जमेना.

"त्याला पप्पा आठवत नाहीत, आई. काहीच आठवत नाही."

मीराबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं हा राग मी एकटीच सांभाळत होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतंच."

कोटाचं बटण त्यांना लागेना. स्वरूपानं लावून दिलं. बाहेर कामगार चॅपलचे बाक गाडीत चढवू लागले होते.

तर भाविकहो, कॉलेज गेलं, कबर गेली, आणि ज्यानं आठवायला हवं होतं त्याची आठवणही गेली. उरलात तुम्ही. आज घरी प्रार्थनेला बसाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यामागून एवढं एक नाव घ्या. नामदेव साळवे. गाणारा माणूस होता.