गालावरचा उजेड

मुलांनो, असं समजा की तुमच्या हातात काठोकाठ दुधानं भरलेला वाडगा आहे. जिन्याच्या पाच पायऱ्या उतरून तुम्हाला स्वयंपाकघरात यायचंय. समोर खिडकीपाशी आजी बसली आहे. तिच्याकडे बघत, एकदाही मान खाली न घालता, बारा पावलं चालायचं आणि जमिनीवर खडूनं काढलेल्या फुलीवर बरोब्बर थांबायचं. फुलीच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. दूध सांडायचं नाही. आणि आजारातून उठलेल्या आजीला पाहून झालेला आनंद चेहऱ्यावर दिसला पाहिजे. आजूबाजूला चाळीस माणसं गप्प उभी आहेत, डोक्यावर भट्टीसारखे दिवे तापलेत आणि रुळांवरून एक मोठा कॅमेरा तुमच्या बरोबरीनं सरकत येतोय.

जमेल? घरी करून बघा. वाडग्यात पाणी घ्या म्हणजे झालं.

ओपल हेंडरशॉटला काही ते जमत नव्हतं.

ओपल नऊ वर्षांची. हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओत, चार नंबरच्या स्टेजवर, म्हणजे चित्रीकरणाच्या मोठ्या दालनात, सकाळपासून हे चाललं होतं. याआधी तिनं तीन सिनेमांत काम केलं होतं, पण गर्दीतलं. एकदा जत्रेत, एकदा आगगाडीच्या डब्यात, आणि तिसऱ्यात तर तिची नुसती पाठ दिसली होती. या सिनेमात मात्र तिला नाव होतं, बोलायला वाक्यं होती. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी ती घरापर्यंत पळत गेली होती, आणि घर चांगलं दोन मैल लांब होतं.

वाक्यं तिला तोंडपाठ होती. वाडगाही ती नीट धरायची. पण दहाव्या पावलाला काय व्हायचं कोण जाणे, फुली चुकेल या भीतीनं डोळे आपोआप खाली जायचे.

"कट," रोर्कसाहेब म्हणाले. हे दिग्दर्शक. सिनेमा मुका होता तेव्हापासून ते सिनेमे काढत आले होते. तोंडात कायम एक न पेटवलेला चिरूट. "ओपल बाळ, जमिनीवर काही पडलंय का तुझं?"

"नाही, साहेब."

"मग अकरा वेळा काय शोधलंस?"

माणसं हसली. ओपलही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

फुली सोडून चालायचं नाही, कारण कॅमेऱ्यापासून फुलीपर्यंतचं अंतर टेप लावून मोजलेलं असतं आणि दिवेही त्याच जागेवर रोखलेले असतात. हातभर चुकलं तर पडद्यावर चेहरा पुसट दिसतो, नाहीतर काळोखात जातो. मग सुताराला एक युक्ती सुचली. त्यानं फुलीपाशी लाकडाची बारीक पट्टी ठोकली, म्हणजे बुटाच्या टोकाला ती लागेल आणि बघायची गरज उरणार नाही. ओपल आली, नजर आजीवर, मान ताठ. पट्टी बुटाला लागली. पुढच्या क्षणी ओपल गुडघ्यांवर होती आणि दूध रोर्कसाहेबांच्या पँटवर.

सुतारानं पुढे होऊन आपली पट्टी उखडून टाकली.

"मला दूध सोसत नाही," रोर्कसाहेब रुमाल काढत म्हणाले. "डॉक्टरनं साफ सांगितलंय." मग ते प्रुइटबाईंकडे वळले. "किती वेळ उरलाय?"

प्रुइटबाई ओपलच्या शिक्षिका. सिनेमात काम करणाऱ्या मुलांना दिवसाला चार तासांपेक्षा जास्त कॅमेऱ्यासमोर उभं करायचं नाही, असा सरकारी नियम होता, आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला बाई घड्याळ घेऊन स्टेजवरच बसायच्या. "एकतीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "आता जेवणाची सुट्टी. ती यात धरायची नाही."

"तुम्ही नसता ना बाई, तर माझे आणखी तीन सिनेमे झाले असते."

"आणि तीन पोरं अडाणी राहिली असती."

रोर्कसाहेब ओपलसमोर उकिडवे बसले. "हे बघ, माझा तुझ्यावर राग नाही. पण हा सेट आज संध्याकाळी मोडणार. उद्या इथे दुसऱ्या कुणाचं तरी जहाज उभं राहायचंय. जेवणानंतर तुला आणखी एकदा करू देतो. एकदाच. नाही जमलं तर हे काम बर्निस करेल."

बर्निस क्लॅप. निवडीच्या वेळी ती दुसरी आली होती. दाराजवळच्या खुर्चीत ती बसलेली ओपलला आता दिसली. तिच्या अंगात तसाच निळा झगा होता, तसाच पांढरा एप्रन.

सगळे जेवायला गेले. ओपल मात्र जिन्याच्या खालच्या पायरीवर चीजचं सँडविच हातात घेऊन बसून राहिली. बर्निस तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी असते तर खाली बघितलंच नसतं," ती म्हणाली.

"मग चालून दाखव."

"दाखवते." बर्निसनं रिकामा वाडगा उचलला आणि पायऱ्या चढून पुन्हा ऐटीत खाली उतरली. नवव्याच पावलाला तिचे डोळे गुपचूप फुलीवर गेले.

"बघितलंस," ओपल म्हणाली.

"वाडगा रिकामा होता म्हणून," बर्निस म्हणाली आणि पाय आपटत जेवायला निघून गेली.

"पोरी, इकडे ये गं जरा," खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं.

आजीचं काम करणाऱ्या कॉन्स्टन्स वेरिल खुर्चीतच बसून डब्यातलं उकडलेलं अंडं सोलत होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी या बाईंचं चित्र थिएटरा-थिएटरांच्या भिंतीवर असायचं. एक शब्द न बोलता त्या लोकांना रडवायच्या. आता डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप होता आणि त्या आज्यांची कामं करायच्या.

"ती फुली मला इथून दिसते का, सांग," त्या म्हणाल्या.

"दिसत असेल ना, बाई. चार पावलांवर तर आहे."

"अजिबात नाही. तूसुद्धा मला दिसत नाहीस. निळं काहीतरी हलतंय, एवढं दिसतं. आमच्या वेळचे दिवे आग ओकायचे. एकदा तर चार दिवस मी डोळे उघडू शकले नव्हते. तेव्हापासून कमी कमीच होत गेलं."

ओपल बघत राहिली. याच बाई दोन आठवडे एकदाही न चुकता प्रत्येक फुलीवर थांबत होत्या. "रोर्कसाहेबांना माहीत आहे?"

"त्याला माहीत आहे. पण त्याला माहीत आहे हे मला माहीत नाही, असं आम्ही दोघं धरून चालतो. तूही तसंच धर."

"मग तुम्ही फुलीवर थांबता कशा?"

"गालाला विचारते." वेरिलबाईंनी अंडं डब्यात ठेवलं आणि मान वर केली. छताखालच्या फळीवर दिवेवाला हँक पाय सोडून बसला होता. "हँक, तो मोठा दिवा लाव बरं."

"बाई, जेवणाच्या सुट्टीत काम केलं तर युनियनवाले मला या फळीवरून ढकलतील."

"तुला या फळीवर चढवलं कुणी होतं?"

वरून थोडा वेळ नुसतं चावण्याचा आवाज आला. मग हँक म्हणाला, "लावतो."

खिडकीच्या बाजूनं झगझगीत उजेड आत आला. "जिन्यापाशी जा," बाई म्हणाल्या. "डोळे मीट. हळूहळू माझ्याकडे चालत ये, आणि दिवा पुरता तोंडावर आला असं वाटेल तिथे थांब."

ओपल चालली. "काही कळत नाही. सगळीकडे गरमच आहे."

"घाई कुणाला आहे? पुन्हा जा. डावा गाल काय म्हणतो, उजवा काय म्हणतो, ते वेगवेगळं ऐक."

दुसऱ्या खेपेला ओपल मध्येच थबकली. "डावा तापतोय. उजव्याला काही नाही."

"मग अजून पोचली नाहीस. चल पुढे."

आणखी तीन पावलं. मग ती ऊब नाकावरून पलीकडे पसरल्यासारखी झाली आणि दोन्ही गालांवर सारखी बसली. "इथे," ओपल म्हणाली आणि तिनं डोळे उघडले. फुली वीतभर पुढे होती.

तिचा चेहरा पडला. बाईंना तो दिसला नाही, पण तिचं गप्प होणं ऐकू आलं. "चुकलीस ना? छान. आता चुकल्यावर कसं वाटतं ते गालाला कळलं. पुन्हा जा."

चौथ्या खेपेला ओपलचे बूट फुलीवर होते. पाचव्यालाही. सहाव्याला ती पुढे गेली आणि तिचं तिलाच कळलं, डोळे न उघडताच ती अर्धं पाऊल मागे सरकली. मग तिनं डोळे उघडे ठेवून करून बघितलं. मग पाण्यानं भरलेला वाडगा घेऊन. दहाव्या खेपेपर्यंत फुलीचा विचार तिच्या डोक्यातून निघूनच गेला होता. ती आजीकडे बघत होती आणि बाकीचं तिचे गाल बघत होते.

"पुरे," वेरिलबाई म्हणाल्या. "आता सँडविच खा. भुकेल्या माणसाला आनंद झालेला दाखवता येत नाही."

सुट्टी संपता संपता दोन माणसं बादली आणि फडकी घेऊन सांडलेलं दूध पुसायला आली. त्यांनी आजीची खुर्ची उचलून बाजूला ठेवली, खालची जमीन पुसली आणि खुर्ची परत ठेवली. ठेवताना ती वीतभर सरकली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळे आपापल्या जागी गेले. बर्निस दाराजवळ उभी होती. प्रुइटबाईंनी घड्याळ हातात घेतलं.

"एकदाच," रोर्कसाहेब म्हणाले. "कॅमेरा."

ओपल पायऱ्या उतरली. दूध काठापर्यंत होतं आणि हलत नव्हतं. सात, आठ, नऊ. दहाव्या पावलालाही तिची नजर आजीच्या चेहऱ्यावरून ढळली नाही. डाव्या गालावर ऊब आली, मग उजव्यावर, आणि ती थांबली. कॅमेरावाल्यानं खाली पाहिलं. बूट बरोब्बर फुलीवर होते.

आता आजीनं खुर्चीतून उठायचं होतं, दोन पावलं पुढे यायचं होतं आणि मग ओपलनं बोलायचं होतं. वेरिलबाई उठल्या. त्यांची पाठ दिव्याकडे होती, त्यामुळे या वेळी गाल त्यांच्या कामाचे नव्हते. त्यांनी खुर्चीपासून दोन पावलं मोजून टाकली. पण खुर्चीच जागेवर नव्हती. त्यांची सावली सरळ ओपलच्या तोंडावर पडली.

ओपलचे गाल एकदम गार पडले.

इथे तिला थांबता आलं असतं. चूक तिची नव्हती, सगळ्यांना ती दिसलीच असती. पण रोर्कसाहेबांनी एकदाच म्हटलं होतं. आणि चूक कुणाची, ती का झाली, असं विचारलं गेलं असतं, तर उत्तर वेरिलबाईंना द्यावं लागलं असतं.

"आजी, तू कशाला उठलीस," ओपल म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. पुढचं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिनं वाडगा आजीच्या हातात दिला, तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि लहान मुलाला वळवावं तसं तिला हलकेच वळवत स्वतः अर्धं पाऊल बाजूला सरकली. मागे नाही, पुढे नाही. नुसती बाजूला. ऊब परत आली. आधी एका गालावर, मग दोन्ही. तिथे ती थांबली.

वेरिलबाईंना काय झालं ते त्याच क्षणी समजलं. त्या तिच्याबरोबर अशा वळल्या की जणू रोज संध्याकाळी आजी आणि नात अशाच वळत असतील. ओपल उरलेली तीन वाक्यं बोलली. आजीनं दुधाचा घोट घेतला आणि वाडग्यावरून नातीकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

"कट" म्हणायला रोर्कसाहेबांना बराच वेळ लागला.

"ती फुलीवरून हलली," कॅमेरावाला म्हणाला.

"मला डोळे आहेत. पुसट झाली का?"

"नाही. अंतर तेवढंच राहिलं." कॅमेरावाल्यानं टोपी मागे सारली. "खरं सांगू? सकाळपासून तिचा चेहरा इतका चांगला दिसलाच नव्हता. दोघींचाही."

"हाच ठेवा," रोर्कसाहेब म्हणाले.

वरच्या फळ्यांवर बसणारे दिवेवाले कुणासाठीही टाळ्या वाजवत नसत. मोठमोठ्या नट्या खाली जीव ओतायच्या आणि ते वर शेंगदाणे खात बसायचे. आज हँकनं जाडे हातमोजे घातलेले हात एकमेकांवर आपटले. मग शेजारच्या फळीवरून आवाज आला, मग त्याच्या पलीकडून. बघता बघता सगळं छत वाजायला लागलं, आणि खालची चाळीस माणसंही टाळ्या वाजवू लागली. ओपलला कुठे बघावं कळेना. तिनं सगळीकडे बघितलं. फक्त खाली बघितलं नाही.

टाळ्या थांबल्यावर रोर्कसाहेब तिच्यासमोर आले. "तुला हलायला कुणी सांगितलं?"

"गाल गार पडले, साहेब."

त्यांनी वेरिलबाईंकडे पाहिलं. "कॉनी, हे तू शिकवलंस?"

"मी फुलीपर्यंतचं शिकवलं," वेरिलबाई म्हणाल्या. "पुढचं तिचं तिनं केलं."

"हं." त्यांनी चिरूट तोंडातून काढला. ते फार क्वचित तसं करत. "ओपल हेंडरशॉट, उद्या सकाळी आठ वाजता, सहा नंबरच्या स्टेजवर. अंगणातला प्रसंग आहे. चार फुल्या आहेत."

"चालेल," ओपल म्हणाली, जशी काही चार फुल्या म्हणजे खाऊच्या चार गोळ्या.

"तेवीस मिनिटं उरली," प्रुइटबाई घड्याळ मिटत म्हणाल्या. "आणि अपूर्णांकांची दहा गणितं."

"बाई, त्यातली पाच मिनिटं मला द्या ना."

प्रुइटबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. तिथे बर्निस एप्रनची गाठ सोडत होती आणि ती काही केल्या सुटत नव्हती. "पाच," बाई म्हणाल्या.

ओपल पळत दाराशी गेली. तिनं बर्निसचा हात धरला, तिला ओढतच जिन्यापाशी आणलं आणि वर मान करून ओरडली, "हँककाका, दिवा विझवू नका." मग ती बर्निसच्या मागे उभी राहिली, तिचे दोन्ही खांदे खिडकीकडे वळवले आणि म्हणाली, "हं, आता डोळे मीट."