उष्टी नोंद

विश्वकोशाच्या कचेरीत एक नियम होता. संदर्भाची दोन-चार पुस्तकं वाचायची, मिटायची, व्हरांड्यात चक्कर मारायची आणि मग डोक्यात जे उरलं असेल ते आपल्या क्रमाने, आपल्या शब्दांत लिहायचं. आकडे तेवढे पुन्हा ताडून घ्यायचे. नियम सोपा, पण माणूस आळशी. भले भले विद्वान पुस्तक उघडं ठेवून वाक्यागणिक शब्द फिरवत बसायचे. नोंदी तपासायचं काम दोघी बहिणींतल्या धाकटीकडे होतं, आणि असली नोंद टेबलावर आली की दुसऱ्याने चावलेला घास ताटात वाढल्यासारखी तिला शिसारी यायची.

आजची नोंद मधमाशीवर होती. लिहिणारे तिचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त प्राध्यापक. ही नोंद पसंत पडली की प्राणिखंडाचं संपादकपद त्यांच्याकडे जाणार हे ठरल्यातच जमा होतं. धाकटीने कौतुकाने वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीला तिचं तोंड कडू झालं.

‘राणी मृत झालेल्या पेटीस सायंकाळी कर्ण लावला असता विव्हळण्यासम गुंजारव श्रवणी पडतो.’

मधमाशीची नोंद कुणी इथून सुरू करत नाही. आधी जात, मग शरीर, मग पोळं. इथून सुरुवात केली होती एकाच माणसाने, ह्या दोघींच्या वडिलांनी. घरामागे पेट्या ठेवून त्यांनी मधमाश्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, तेही आई गेली त्याच वर्षी. म्हणून आधी मेलेली राणी, मग धूर, मग मध, आणि पाय किती ते सगळ्यात शेवटी. भाऊजींनी हाच उलटा क्रम जसाच्या तसा उचलला होता. कानाचा कर्ण केला, संध्याकाळची सायंकाळ केली आणि खाली संदर्भ म्हणून तीन जाडजूड परदेशी ग्रंथ लावले. बाबांचं नाव कुठेच नाही. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून बसलेला.

तिने भाऊजींना निरोप धाडला. आली ताई.

ताईने बसल्या बसल्या गाऱ्हाणं सुरू केलं. निवृत्तीनंतर ह्यांना कुणी विचारत नाही, दिवसभर घरात चिडचिड करतात, हे पद मिळालं तर माणसांत येतील. धाकटीला बहिणीची कीव आली. पुन्हा लिहून आणा म्हणावं, तोवर मी निर्णय थांबवून धरते, असं ती म्हणाली. ताईला ते पटेना.

“एक वाक्य तसंच उचललेलं दाखव.”

“वाक्य नाही गं, चाल बाबांची आहे. भाऊजींनी नुसते शब्द बदललेत.”

“ह्यांनी कुठले? मी बदलले.”

ताईने अगदी सरळ आवाजात सांगितलं की ह्यांचं गाडं अडलं, म्हणून तिनेच कपाटातून बाबांचं पुस्तक काढलं आणि शब्दकोश घेऊन बसली. बाबांचं म्हणजे घरचंच, घरच्या वस्तूला चोरी कोण म्हणतं?

“मग बाबांचं नाव का नाही घातलं?”

“घातलं असतं तर लोकांनी पुस्तक उघडून बघितलं असतं ना.”

धाकटीने नोंद स्वतःकडे ओढली. भाऊजींची किळस ती पचवू शकली असती, ते परके. पण ही बाबांच्या मांडीवर वाढलेली.

“आणि आईवरचं वाक्य? तिथेच होतं, पेटीच्या आवाजाला लागून.”

“ते गाळलं,” ताई म्हणाली. “कोशात आईचं काय काम?”

धाकटीने नोंदीवर आडवी रेघ मारली आणि खाली ‘नापसंत’ लिहून सही केली. ताईचा चेहरा उतरला. बाबा असते तर त्यांनी जावयाला आनंदाने दिलं असतं, असं ती पुटपुटली. ते खोटं नव्हतं. बाबांनी मागणाऱ्याला पेट्यांसकट सगळं दिलं असतं. पण ते होते तोवर जावयाने त्या पेट्यांकडे नाक मुरडूनच पाहिलं होतं, आणि ताई तेव्हा त्याच्याबरोबर हसली होती.

“घरी ने,” धाकटी म्हणाली आणि कागद तिच्या हातात दिले.