अण्णांच्या वाटणीचा धूर

शनिवारी घाटकोपरला गेले तेव्हा अण्णा गॅलरीत पेपर पसरून वाटाणे सोलत होते. समोरची टेकडी धुरक्यात हरवली होती.

"ह्याचाच अभ्यास ना गं तुझा?" ते म्हणाले. "ह्याचं आणि पावसाचं काय?"

मी प्रदूषणाच्या कणांवर संशोधन करते. हा प्रश्न मला आवडतो, म्हणून खुशीत सांगत बसले. ढगातला थेंब कणाभोवती धरतो. कण फार झाले की तेवढंच पाणी सगळ्यांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, खाली पडत नाहीत.

"म्हणजे भाकरी तेवढीच, पाहुणे दुप्पट."

"अगदी. शिवाय धुरकं ऊन अडवतं. जमीन तापत नाही, मग समुद्रावरून आत येणारं वारं मंदावतं. बीडपर्यंत पोचेस्तोवर त्यात जीव राहत नाही."

"झालं!" आई आतून म्हणाली. "पोरगी सुट्टीची येते, तर ह्यांचा वर्ग सुरू."

अण्णांनी एक शेंग हातातच धरून ठेवली. तरुणपणी दुष्काळात ते बीडकडचं गाव सोडून आले आणि मुलुंडला कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलरमध्ये कोळसा टाकत निवृत्त झाले. त्यांची धाकटी बहीण, वनमालाआत्या, गावातच राहिली. तिची विहीर गेल्या उन्हाळ्यात कोरडी पडली होती.

"मग वनीची विहीर मीच आटवली म्हण."

ते हसत होते. मीही हसले. "काहीतरीच अण्णा! सोला वाटाणे."

रविवारी सकाळी दूध घेऊन येताना ते जिन्यात कोसळले. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाला बुद्धविहार भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं वाहून झाली. मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून अण्णांबद्दल बोलू लागला. कारखान्यातले सोबती बोलले, शेजारी बोलले. आत्यानं माईक घेतला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "शनिवारी सांजच्याला त्याचा फोन आल्ता. म्हनला, वने, मला माफ कर, तुझी हीर म्या आटवली. म्या म्हनलं, येडा झाला का काय? तर म्हनला, आपली सपना सांगती. ती शिकलेली हाय, खोटं कशाला सांगल?"

कुणीतरी हलकंसं हसलं. आत्या रडायला लागली. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले. माझ्या कामात आम्ही ठाम काही लिहीत नाही. 'शक्यता आहे' लिहितो, 'अंशतः' लिहितो. फोटोतले अण्णा माझ्याकडे बघत होते. लोकांकडे पाठ होतेय हे कळत असूनही मी तिकडेच वळले.

"अण्णा, त्या हवेत अख्ख्या देशाचा धूर आहे. कारखान्यांचा, गाड्यांचा, चुलींचा, जाळलेल्या शेतांचा. तुमच्या वाटणीचा किती, ते मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, इतका तो थोडा आहे. पाऊस रुसला म्हणून तुम्ही गाव सोडलंत. इथे जे काम मिळालं ते केलंत, आम्हाला जगवलंत." आत्यालाही ऐकू जावं म्हणून मी माईक जवळ ओढला.

"आत्याची विहीर तुम्ही आटवली नाहीत, अण्णा. मी तसं म्हटलं नव्हतं. तुम्ही नाही आटवलीत."