शिंगातलं शेण आणि ग्लासातली वाइन

बुर दुबईतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, शनिवारी भरदुपारी, साठ मराठी माणसं एकत्र असूनही कुणी बोलत नव्हतं. हाच खरं तर त्या दिवशीचा पहिला चमत्कार.

सगळे हेमचंद्रांच्या हातातल्या ग्लासाकडे बघत होते. ग्लासात साधं पाणी. तो दहा मिनिटं एका अकाउंटंटनं छातीशी धरला होता. हेमचंद्रांनी त्यात चमचाभर रेड वाइन सोडली आणि पाणी काळंहिरवं झालं.

"बघा! शरीरातलं विष पाण्यात उतरलं. वाइन खोटं बोलत नाही!"

अकाउंटंटच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. तिनं साडी सहा महिन्यांत पहिल्यांदाच नेसली होती. वाया गेली नाही.

हेमचंद्र पूर्वी पुण्यात पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. आता ते दक्षिण गोलार्धातल्या एका थंड डोंगरावरच्या द्राक्षमळ्याची वाइन विकत, आणि सोबत आरोग्य.

"मित्रहो, तिथे उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. गाईच्या शिंगात शेण भरून थंडीभर जमिनीत पुरतात. वसंतात काढतात, पाण्यात तासभर ढवळतात, वेलींवर शिंपडतात. छाटणी चंद्र बघून! आणि हे कोण करतं? आपले लोक? नाही. गोरे!"

हॉलभर धन्य झाल्याचा सुस्कारा पसरला. हेच एखाद्या गावच्या बुवानं सांगितलं असतं तर याच मंडळींनी नाकाला रुमाल लावला असता. पण शेण परदेशातून आलं की त्याला सायन्स म्हणतात.

"संकष्टीला चालेल का हो?" पुढच्या रांगेतून विभावरीनं विचारलं. कार्यक्रमाची सगळी व्यवस्था तिचीच.

"ताई, हे तीर्थ आहे. चंद्रोदयानंतर घ्या."

तिसऱ्या रांगेत सुजाता बसली होती. एकोणीस वर्षं शारजाच्या शाळेत केमिस्ट्री शिकवलेली बाई. वाइनबद्दल तिची तक्रार नव्हती. मळा खरा होता, शिंगं खरी होती, वाइन तर उत्तमच होती. आपण दुबईत लोकांचा मधुमेह बरा करतोय, याचा तिकडच्या शेतकऱ्याला बिचाऱ्याला पत्ताही नसणार.

तिची तक्रार शेजारी बसलेल्या नवऱ्याबद्दल होती. प्रल्हादची शुगर तीनशेच्या घरात. डाव्या पायाच्या अंगठ्याला महिन्याभराची जखम. चाळीस दिवस त्यानं रोज अर्धा ग्लास घेतला होता, आणि आज सकाळी घरात जाहीर केलं होतं, "आज माझ्या ग्लासात रंग लाल राहिला, की इन्सुलिन खलास."

"बाबा, दॅट्स नॉट हाऊ इन्सुलिन वर्क्स," लेक अस्मी म्हणाली होती.

"तू मोठ्यांमध्ये बोलू नकोस."

प्रल्हादचं नाव पुकारलं गेलं. हेमचंद्रांनी ग्लास पुसून त्याच्या हाती दिला, आणि तेवढ्यात सुजाताला दिसलं, ते इतक्या वेळात कुणालाच दिसलं नव्हतं. टेबलावर दोन रंगांचे नॅपकिन होते. अकाउंटंटचा ग्लास पुसला होता तो ओलसर, किरमिजी. प्रल्हादचा पुसला तो कोरडा, पांढरा.

दहा मिनिटं झाली. चमचाभर वाइन पडली. पाणी गुलाबी-लाल झालं. टाळ्या! प्रल्हादच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुजाता उठली, थेट टेबलाशी गेली, किरमिजी नॅपकिनला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

"सोडा," ती म्हणाली. "आपण ढोकळ्यात घालतो तो."

"अगं सुजाता, बस ना," प्रल्हाद कुजबुजला.

"थांब. वेदांग, इकडे ये." वेदांग तिचा जुना विद्यार्थी, सव्वीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा, तब्येतीनं घोडा. तिनं एक ग्लास किरमिजी नॅपकिननं पुसला, पाणी भरून त्याच्या हाती दिला, वाइन सोडली. पाणी काळंहिरवं. मग अकाउंटंटचा ग्लास बाटलीच्या पाण्यानं खळखळून धुतला, पुन्हा भरून त्याच्याच हाती दिला, वाइन सोडली. लाल.

"द्राक्षाच्या सालीतला रंग आंबटात लाल राहतो, सोड्यात हिरवा-काळा होतो. सातवीची मुलं हे जास्वंदीच्या पाकळ्यांवर करतात. विष शरीरात नाही, नॅपकिनमध्ये आहे."

साठ माना नॅपकिनकडे वळल्या. क्षणभर तिला वाटलं, जमलं.

हेमचंद्र हसले. अगदी वत्सल हसले.

"मॅडमचे आभार माना. वेदांग निरोगी. मग त्याच्या ग्लासात कोणाचं विष उतरलं? ज्यानं पुसला त्याचं! मनात शंका असली की ती हातातून ग्लासात येते. आणि धुतल्यावर? शंका वाहून गेली, वाइन लाल!"

आधी विभावरीनं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. वेदांगनंसुद्धा.

घरात आल्यावर प्रल्हाद म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीस." सुजातानं शुगर मोजायचं यंत्र पुढे केलं. "एक थेंब रक्त दे. आकडा चांगला आला तर मी तुझ्या पाया पडेन."

"माझा विश्वास आहे. मला मोजायची गरज नाही."

इन्सुलिन फ्रिजच्या दारातून कधी गेलं, तिला कळलं नाही. रुसवे झाले, अस्मीचं हातापाया पडून झालं. अकराव्या आठवड्यात प्रल्हाद ऑफिसात कोसळला, आणि अंगठ्यासह दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात विभावरी फळं घेऊन भेटायला आली. "वाइन घेत होतो म्हणून दोनच गेली," प्रल्हाद तिला समजावत होता. "नाहीतर गुडघ्यापासून."

सुजाता तिला बाहेर घेऊन गेली. शांतपणे म्हणाली, "विभावरी, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कोणावरच नको. पुढच्या शनिवारी त्यांना एवढंच म्हण, ग्लास मी घरून आणलाय, मीच धुतलाय, मीच पुसणार. आणि कुणी इन्सुलिन बंद करायला निघालं, तर आधी रक्त तपासायला सांग. बास."

विभावरीनं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. पटलंही असावं.

"खरंय गं," ती म्हणाली. "पण एवढ्या मोठ्या माणसाला असं विचारणं बरं दिसतं का?"

बरं दिसत नाही. तरी विचारा.