नववा आलेला मुलगा

डब्लिनच्या टॅला उपनगराकडे जाणाऱ्या बसमध्ये राजीवचा फोन सारखा वाजत होता. प्रत्येकाचा प्रश्न एकच. "काय, कितवा आला?"

मूल शाळेतून येवो, गाण्याच्या परीक्षेहून येवो की मैदानावरून, त्यानं पायातले बूट काढायच्या आधी आपण हेच विचारतो. राजीवनंही तेच विचारलं होतं. शर्यत संपवून त्याचा मुलगा निमिष धापा टाकत कठड्यापाशी आला, ओठ पांढरे पडलेले, आणि राजीव म्हणाला, "कितवा? मला नीट दिसलं नाही."

"नाइन्थ."

"अरेरे!"

त्यानंतर बापलेकांत बोलणं झालं नाही.

विद्यापीठांच्या खेळाडूंची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा नवीनच, यंदा दुसऱ्यांदा भरली होती आणि ती डब्लिनला होती. पुरुषांच्या पंधराशे मीटरच्या अंतिम शर्यतीत आयर्लंडची हिरवी जर्सी घालून आपल्यातला मुलगा धावणार, म्हणून मराठी मंडळ हरखून गेलं होतं. अध्यक्ष विक्रांतनं रविवारचा सत्कार ठरवला, शाल आणली, नारळ आणला, 'सुवर्णवीर निमिष' असा बॅनरही छापून घेतला. शर्यत व्हायची होती अजून! पण राजीवनं त्याला अडवलं नाही. बायको वृंदा वारल्यापासून औषधांच्या कारखान्यातली शिफ्ट, घर, झोप, पुन्हा शिफ्ट, एवढंच उरलं होतं. लोक कीव करत बघणार नाहीत अशी एक संध्याकाळ त्याला हवी होती.

घरी वृंदाची आई, शोभनाबाई, भात टाकून वाट बघत होत्या. त्या सांगलीहून काही महिन्यांसाठी आल्या होत्या. निमिष आंघोळीला गेला आणि विक्रांतचा फोन आला.

"राजीव, नववा म्हणजे अवघडच झालं रे. बॅनरवर सुवर्णवीर आहे. लोकांना काय सांगायचं?"

राजीव दमला होता. दमलेला माणूस सोपं असेल तेच बोलतो. "अरे, कालपासून ताप होता त्याला. तापातच पळाला."

"अस्सं होय! मग हेच सांगू. उलट टाळ्या जास्त पडतील बघ."

फोन ठेवून तो वळला, तर दारात निमिष उभा.

"व्हॉट फीवर, डॅड?"

"तसं म्हणायचं असतं रे. चारचौघांत बरं दिसतं."

"आय वॉज ग्रँड, परफेक्टली फिट! दॅट वॉज माय बेस्ट रेस. एव्हर." निमिषचा आवाज फाटला. "अँड यू आर अशेम्ड ऑफ इट. फाइन. आय'म डन रनिंग."

तो खोलीत गेला. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. राजीवला तेच जास्त लागलं.

शोभनाबाईंनी गॅस बंद केला. "बसा, जावईबापू. आयुष्यात सगळ्यात चांगलं पळून आलंय पोर, आणि तुम्ही त्याला आजारी पाडलंत?"

"आई, जग नंबरच विचारतं. नोकरीत काय, कुठेही काय."

"विचारू दे. जग परकं आहे. तुम्ही बाप आहात."

शोभनाबाई टेबलावरचं पातेलं नुसतं इकडचं तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वृंदानं दोन वर्षं काढली त्या दुखण्यात. सकाळी सुया टोचून घ्यायची, दुपारभर ओकायची आणि संध्याकाळी ह्याच्या सरावाला उभी राहायची. शेवटी गेलीच. मग सांगा, माझी लेक कितवी आली?"

त्यांनी पातेलं बाजूला सारलं.

"हरली म्हणाल तिला?"

"नाही! आई, नाही!"

"मग पोराला का तसं वाटायला लावता? आणि ती शाल काय खोट्या तापावर पांघरणार?"

राजीवचे डोळे भरून आले. त्यानं तिथंच फोन उचलला. "विक्रांत, ताप नव्हता रे. मी खोटं बोललो. धडधाकट पळाला आणि नववा आला. सत्कार करायचा तर नवव्याचा करा, नाहीतर राहू दे."

"अरे पण, बॅनर..."

"बॅनरचं तुझं तू बघ."

मग तो निमिषच्या खोलीत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला. "ताप नव्हता, असं विक्रांतला सांगून टाकलं. चुकलो मी. तिकडे शर्यतीत काय झालं, ते सांगशील का?"

निमिष हळूहळू बोलू लागला, आधी इंग्रजीत, मग मोडक्या मराठीत. बरगडीत बसलेलं कोपर, समोरच्याच्या बुटानं सोललेली नडगी, शेवटच्या वळणावर पाय शिशासारखे झाले तरी मागे टाकलेला डेन्मार्कचा एक उंच धावपटू. राजीवनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शोभनाबाईंनी जेवायला हाक मारली तरी दोघं उठले नाहीत.

"सोमवारी सराव आहे," निमिष शेवटी म्हणाला. "येशील?"

"शिफ्ट बदलून घेतो."

वाचकहो, नंबर मैदानावरच्या पाटीवर लागलेलाच असतो, तो कुणीही वाचून सांगेल. मूल काय सोसून आलं, हे मात्र त्यालाच विचारावं लागतं. ते घरच्यांनी विचारलं नाही, तर दुसरं कुणी विचारत नाही.