निळीची तहान

"आत्ताच झाकण सोडू नगा. दम घिऊ द्या तिला," विशाखा सीटवरूनच म्हणाली.

आनंदराज बॉनेट वर करून उभा होता. रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकलेलं, आणि फडक्यातून वाफ निघत होती. नळेगावच्या अलीकडं, सरजाबाईच्या चहाच्या टपरीसमोर, बाभळीच्या विरळ सावलीत निळी मारुती धापा टाकत थांबली होती. घड्याळात एक वाजत आला होता. लातूरच्या दवाखान्यात दोनचा नंबर होता.

"उशीर व्हईल," तो म्हणाला.

"व्हऊ द्या. मशिन काय पळून चाललंय? मागच्या खेपंला हात भाजून घेतला. एका घरात दोन पेशंट कोण सांभाळंल?"

टपरीतून सरजाबाई हसली. "मास्तर, बायकूचं ऐका. गाडीचं बी तिलाच जास्त कळतंय."

विशाखा हळूहळू खाली उतरली. डाव्या हातानं तिला काही उचलायची बंदी होती. उजव्या हातात दोन लिटरची पाण्याची बाटली होती. अशा दोन बाटल्या ती घरून भरून आणायची. आनंदराजनं झाकण पाव फेरा फिरवलं, फुस्स झालं, ते निवेपर्यंत दोघंही उभे राहिले. मग झाकण निघालं आणि ती ओतू लागली. आत गटगट आवाज होऊ लागला. तो आवाज ती कान देऊन ऐकायची.

"पी बाई, पी. तुला कोण रागं भरतंय?" ती गाडीला म्हणाली, आणि जात्यावर बसल्यासारखं हलक्या आवाजात म्हणू लागली,

*निळी गं सवत माझी, तिला वाटंला तहान,*
*माझ्या वाटणीचं पाणी, तिला देते मी गं दान.*

बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी तिनं तोंडावर मारलं, ओला हात मानेवरून फिरवला, एक चूळ भरली आणि पदर तोंडाशी धरून बाभळीच्या पलीकडं गेली. बराच वेळ ती तिकडं पाठमोरी उभी राहिली. मग येऊन सीटवर बसली. "चला. हिचं झालं, आता माझं."

दीड वर्षापूर्वी विशाखाच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस लागलं. उदगीरला नंबर लागेना म्हणून साठ-पासष्ट किलोमीटरवरचं लातूर गाठावं लागलं. पहिले तीन महिने एसटीनं काढले. एकदा परतताना बसस्टँडवर तिचा बीपी उतरला आणि ती फलाटावरच आडवी झाली. लोक जमले. कुणीतरी चांगुलपणानं पाण्याची बाटली पुढं केली, तर डोळे मिटलेल्या विशाखानं मान हलवली. त्या अवस्थेतही तिला हिशोब होता. दिवसाला अर्धा लिटर. चहा, वरण, गोळी गिळायचा घोट, सगळं त्यातच.

त्या संध्याकाळी आनंदराजनं गाडी घ्यायचं ठरवलं.

तो बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळेचा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, बेडकांच्या बरण्या पुसायच्या. शाळेत त्याला कुणी सर म्हणत नसे. म्हणायचे ते दोघंच: उदगीरचा मेकॅनिक जिलानी 'सर' म्हणायचा आणि सरजाबाई 'मास्तर'. जिलानीच त्याला नांदेडला घेऊन गेला. तिथं एका निवृत्त शिक्षकाच्या दारात ही निळी मारुती सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. नव्या मोटारसायकलीच्या भावात मिळत होती. जिलानीनं तेलाची पट्टी काढून वास घेतला, वाकून खाली पाहिलं, दारं आपटली.

"इंजिन सोन्याचं हाय सर. बाकी सगळं पत्रा."

"चालंल का रोज?"

"चालंल. हल्लू चालवा. म्हातारीला पळवायचं नक्को."

पहिल्याच आठवड्यात रेडिएटर पाझरू लागला. उभं राहून राहून आतून सडला होता. जिलानीनं घरातून हळदीची पुडी मागवली आणि दोन चमचे पाण्यात सोडले. "जुनी दवा हाय. बारीक भोकं बुजतात. टिकंल तवर टिकंल."

"गाडीला हळद लागली म्हणायची," विशाखा हसून म्हणाली. "आता अक्षता टाका अन् घरात घ्या. मला सवत मिळाली."

हळद दीड महिना टिकली. मग पुन्हा पाझर. सकाळच्या शाळेपर्यंतची वाट निळी निमूट धरायची. शिपाई कारनं येतो आणि हेडमास्तर फटफटीवर, म्हणून स्टाफरूममध्ये चेष्टा चालायची, तीही तो निमूट ऐकायचा. पण लातूरच्या वाटेला लागलं की नळेगाव येता येता इंजिनाच्या गरमीचा काटा चढायचा. नवा रेडिएटर बसवू या, असं तो दर महिन्याला म्हणायचा आणि दर महिन्याला विशाखा म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. तेवढंच खाली उतरायला मिळतंय."

तिच्या डाव्या मनगटाच्या वर डायलिसिससाठी शीर जोडलेली होती. त्या जागी हात ठेवला की आत सारखी थरथर लागायची. गाडी चालू झाली की ती त्याचा हात ओढून तिथं ठेवायची. "बघा, माझं बी इंजिन चालू हाय." गिअर टाकायला हात लागायचा म्हणून तो सोडवून घ्यायचा. पण गावाबाहेर सरळ रस्ता आला की त्याची बोटं आपोआप परत तिथं जायची.

उन्हाळा तापला तसं तिचं वजन वाढू लागलं. मशिनवर घेण्याआधी वजन करायचे. दोन दिवसांत दोन किलोपर्यंत वाढ चालायची. एका दिवशी ती साडेतीनवर गेली.

"मावशी, पाणी पिऊन राहिलात का?" सिस्टरनं विचारलं.

"न्हाई बाई."

"मग हे कुठून आलं? असं पाणी साचलं की हृदयावर ताण येतो. काका, तुम्ही लक्ष ठेवा."

आनंदराजनं लक्ष ठेवलं. घरी माठावर झाकण होतं, तिचा मापाचा पेला होता, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं होतं. डोळ्यांपुढं नव्हती ती एकच जागा. शनिवारी सरजाबाईच्या टपरीत चहा घेता घेता त्यानं पाहिलं. बाभळीच्या पलीकडं विशाखा पाठमोरी, मान जराशी वर, पदर तोंडाशी. कितीतरी वेळ. पाठीवरून काही कळत नव्हतं. त्याला मात्र कळल्यासारखं वाटलं.

तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तहानलेल्या माणसाला चोर म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. त्यानं दुसरा रस्ता धरला. रविवारी निळी जिलानीकडं नेली आणि नवा रेडिएटर बसवून घेतला.

मंगळवारी नळेगाव जवळ आलं. काटा मधोमध स्थिर होता. विशाखाच्या मांडीवर बाटली होती, झाकण आधीच सैल केलेलं. बाभळ आली, टपरी आली. सरजाबाईनं हात वर केला. गाडी थांबली नाही.

"अहो, तिला पाणी?"

"नवा टाकलाय. आता लागत न्हाई."

विशाखानं मागं वळून पाहिलं. बाभळ लहान होत गेली.

"कधी टाकला?"

"परवा."

"मला न्हाई सांगितलं."

तो रस्त्याकडं बघत राहिला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "बरं झालं," ती म्हणाली. "भागली बाईची तहान."

गुरुवारी तिनं बाटल्या भरल्या नाहीत. पुढं तिनं गाडीत गाणंही म्हटलं नाही. हात मात्र ओढून मनगटावर ठेवायची. तेवढं तिनं थांबवलं नाही.

वजन तसंच वाढत राहिलं. साडेतीन, मग पावणेचार. डॉक्टरांनी कागद चाळले, दोनचार प्रश्न विचारले आणि आनंदराजला बाजूला घेतलं. "त्यांची लघवी आता पूर्ण बंद झालीय. आधी थोडी व्हायची, म्हणून अर्धा लिटर झेपत होतं. आता तेवढ्यानंही वजन वाढणार. त्यांची चूक नाही."

त्यांची चूक नाही. हे वाक्य चार तास मशिनच्या घरघरीत त्याच्या कानात राहिलं. परतताना बाभळ आली तेव्हा त्यानं गाडी हळू केली.

"थांबायचं का जरा?"

"कशाला?"

"असंच. तोंड धुशील."

"पाणी कुठंय?" विशाखा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काही तरी धरायला मिळालं असतं. "चला. अंधार व्हायच्या आत घर गाठू."

त्याला सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. उद्या बोलू, परवा बोलू, करत पाच आठवडे गेले. तिचा पेला आता अर्ध्यावर आला होता.

विशाखा रविवारी गेली. गाडीला सुट्टी असायची, त्या दिवशी. सकाळी चहाचा कप घेऊन तो आला तेव्हा ती कुशीवर होती. त्यानं हाक मारली नाही. कप खाली ठेवला आणि तिच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली. थोडी वर सरकवली, थोडी खाली. मग सगळा तळहात ठेवला. थरथर कुठंच नव्हती.

माणसं आली. भंतेजींनी त्रिसरण दिलं. नांदेडहून लेक प्रियदर्शनी आली, पंधरा दिवस राहिली आणि नोकरीवर परत गेली. आनंदराज शाळेत जाऊ लागला. निळी रोज सकाळी एका चावीत सुरू व्हायची. कुठं पाझर नाही, कुठं वाफ नाही. एके दिवशी त्यानं ती जिलानीच्या दारात उभी केली.

"काय झालं सर? आवाज येतोय?"

"न्हाई. जुना रेडिएटर हाय का रे?"

"कशाला?"

"तोच परत बसवता येतो का?"

जिलानी हात पुसत उभा राहिला. हसायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं. "भंगारात गेला सर," तो हळू आवाजात म्हणाला. "बसा. चहा मागवतो."

महिन्याभरानं त्यानं उरलेल्या औषधांची पिशवी काढली. न फोडलेली इंजेक्शनं होती, कुणा दुसऱ्याच्या कामी आली असती. लातूरला नेऊन द्यायची ठरवली. निघताना त्याचे हात माठाकडं गेले. दोन बाटल्या भरल्या. का भरल्या, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

बाभळीखाली गाडी थांबली. सरजाबाई टपरीतून बाहेर आली, बाजूच्या रिकाम्या सीटवरची विशाखाची गोधडी पाहिली आणि तिला काही विचारावं लागलं नाही. पदरानं डोळे पुसून ती बाकड्यावर बसली.

"कधी?"

"दीड महिना झाला."

"एकदम थांबायचंच सोडलं तुमी. मी म्हणायची, काय चुकलं का काय माझं."

"तुमचं न्हाई, सरजाबाई." तो बाभळीकडं पाहत म्हणाला, "ती तिकडं पाणी पीत होती, असं वाटलं मला."

सरजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "कोण, विशाखा?" मग मान हलवली. "मी हितनं रोज बघायची. चूळ तोंडात धरायची अन् बोटांची पेरं मोजायची. एक, दोन, तीन... बारा पेरं झाली की थुकायची. एकदा म्हणलं, लेकी, गिळून टाक की एक घोट, कोण बघतंय? तर म्हणली, मावशी, मी गिळलं तर त्यांची एवढी लांबची खेप वाया जाईल."

"मग पाठ करून का..."

"अवं, नवऱ्याच्या म्होरं थुकती का कुठं बाईमाणूस? लाजायची ती."

चहा उतू गेला, तशी सरजाबाई उठून आत गेली.

आनंदराजनं बॉनेट वर केलं. ओलं फडकं टाकलं, थांबला, पाव फेरा, मग पूर्ण. आत पाणी काठोकाठ होतं. त्यानं बाटली तिरकी केली. पहिलीच धार ओसंडून इंजिनावरून खाली गेली आणि मातीत जिरली. थेंबभर जागा नव्हती.

तो बाटली घेऊन बाभळीच्या पलीकडं गेला. विशाखा उभी राहायची तिथं, पाठ करून उभा राहिला. ऊन माथ्यावर होतं, घसा कोरडा पडला होता. त्यानं चूळ भरली, ओठ मिटले, आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागला. एक. दोन. तीन.

चौथ्या पेराला घोट आपोआप घशाखाली उतरला.

त्यानं पुन्हा चूळ भरली. पुन्हा अंगठा पहिल्या पेरावर ठेवला.